जावक भरपूर, आवक किती?

परवा घरी एक लठ्ठ पाकीट आले. निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या घरी लठ्ठ पाकिटे सहसा येत नाहीत. त्यातून तो कादंबऱ्या लिहीत असेल, तर येणारे लठ्ठ पाकीट परत आलेल्या हस्तलिखिताचे असते. हे मात्र निराळे होते. शिक्षण आणि पर्यावरण या क्षेत्रात काम करणाऱ्या एका संस्थेने ते पाठवले होते. ही संस्था एका आंतरराष्ट्रीय जाळ्याची सभासद आहे. 'शाश्वत विकासासाठी शिक्षण' देशोदेशींच्या शाळांत रुजावे, यासाठी हे जाळे काम करते. त्याने आपले 'संवाद धोरण' नव्याने आखले होते. चाळीस पाने, सगळी इंग्रजीत. त्याचा मराठी गोषवारा मी करून द्यावा, अशी विनंती होती. 'आपण लेखक आहात आणि बँकेतही होतात. आपल्याला भाषा कळते आणि अहवालही कळतात,' असे सोबतच्या पत्रात म्हटले होते. दोन्ही आरोप खरे असल्यामुळे मी काम स्वीकारले.

दोन दिवस ते धोरण वाचत होतो. कोणत्या गटाला कोणता संदेश द्यायचा, त्यासाठी कोणते माध्यम वापरायचे, वर्षातून किती पत्रके काढायची, परिषदांत फलक कुठे लावायचा, हे सारे त्यात व्यवस्थित मांडले होते. बोधचिन्हाच्या चारी बाजूंनी किती जागा मोकळी सोडावी, याला दीड पान दिले होते. शाळेतल्या शिक्षकाचे म्हणणे या जाळ्यापर्यंत कसे पोचणार, याबद्दल शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या.

सौभाग्यवतींनी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे. चहाचा कप ठेवताना त्यांनी विचारले, "एवढं काय लिहिलंय त्यात?"

"कुणाला काय सांगायचं, ते लिहिलंय."

"आणि त्यांना काही सांगायचं असेल तर?"

मी शेवटचे पान उघडून दाखवले. त्या हसल्या आणि आत गेल्या. मला मात्र बँकेतल्या दोन जाड नोंदवह्या आठवल्या. एक आवक, एक जावक. बाहेर गेलेले प्रत्येक पत्र जावक वहीत चढे, आलेले आवक वहीत. तपासणीला येणारे जुने साहेब या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहत. जावक फुगलेली आणि आवक रोडावलेली दिसली की ते म्हणत, "ही शाखा बोलते फार, ऐकत नाही." आजचा विषय तोच आहे. फक्त शाखेच्या जागी जग आहे.

या विषयाचा प्रवास वाचकांना थोडक्यात सांगितला पाहिजे. १९७७ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसी शहरात पर्यावरण शिक्षणावर सरकारांची पहिली जागतिक परिषद भरली. १९८७ साली नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आपला अहवाल दिला. पुढच्या पिढ्यांची गरज भागवण्याची ताकद न घटवता आजची गरज भागवायची, हा त्यातला विचार जगभर गेला. १९९२ साली रिओच्या वसुंधरा परिषदेत 'अजेंडा २१' संमत झाला. त्यातले छत्तिसावे प्रकरण शिक्षण, लोकजागृती आणि प्रशिक्षण यांचे आहे. २००२ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत जपानने पुढाकार घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००५ ते २०१४ हे 'शाश्वत विकासासाठी शिक्षणाचे दशक' म्हणून जाहीर केले आणि त्याची धुरा युनेस्कोकडे दिली. २००७ साली अहमदाबाद, २००९ साली बॉन, २०१४ साली नागोया, २०२१ साली बर्लिन अशा परिषदा झाल्या आणि प्रत्येक ठिकाणी एक जाहीरनामा निघाला. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००५ पासून या विषयाच्या प्रादेशिक केंद्रांचे जाळे विणले. त्यातले एक केंद्र पुण्यातही आहे. २०१५ साली जगाने सतरा उद्दिष्टे ठरवली, तेव्हा चौथ्या उद्दिष्टात या शिक्षणाला जागा मिळाली. त्याची मुदत २०३० साली संपते.

एवढ्या प्रवासानंतर एक साधा प्रश्न विचारायला हरकत नसावी. हे शब्द आपल्या घरापर्यंत कोणत्या रूपात पोचले?

'शाश्वत' हाच शब्द घ्या. आपल्याकडे तो कीर्तनातून आला आहे. देह अशाश्वत, आत्मा शाश्वत. म्हणजे ज्याला अंत नाही ते शाश्वत. साहजिकच 'शाश्वत विकास' म्हटल्यावर सामान्य माणसाच्या कानाला 'कधीही न थांबणारा विकास' असे ऐकू येते. हिंदीत 'सतत विकास' म्हणतात, तिथेही तोच घोटाळा. मूळ कल्पना मर्यादेची आहे, शब्द मात्र मर्यादाच नसल्याचे सुचवतो. एका निवृत्त अभियंत्याने मला गंभीरपणे सांगितले होते, "शाश्वत विकास म्हणजे रस्त्याची कामं बारा महिने चालू राहिली पाहिजेत." त्यांचे काय चुकले?

या कल्पनेचा जुना धागा जर्मनीत सापडतो. १७१३ साली सॅक्सनीतल्या खाण खात्याचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स यांनी वनांवर एक ग्रंथ लिहिला. चांदी वितळवण्याच्या भट्ट्यांना अमाप लाकूड लागे आणि जंगले ओसाड होत होती. तोड आणि वाढ यांचा मेळ राहील अशा बेताने लाकूड वापरा, असे त्यांचे म्हणणे. आजचा जर्मन शब्द त्याच मुळापासून वाढला. तो एका हिशेबी अधिकाऱ्याच्या टेबलावर जन्मला, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

हाच हिशेब आपल्या घरात फार जुन्या शब्दांत होता. व्याजावर जगावे, मुद्दलाला हात लावू नये. कितीही ओढ असली तरी बियाण्याचे मडके फोडू नये. हे मी पूर्वजांचा गौरव करण्यासाठी सांगत नाही. त्याच पूर्वजांनी डोंगर उघडे केले आणि त्यांच्या नातवंडांनी विंधनविहिरी पाताळापर्यंत नेल्या. मुद्दा एवढाच की, हा विचार समजावून देणारे शब्द ऐकणाऱ्याच्या घरात आधीच होते. ते कोणी मागितले नाहीत. वरून एक शब्द आला, भाषांतर झाले, छापला गेला, आणि जावक वहीत 'संदेश पोचला' अशी नोंद झाली.

अशा नोंदी मीही केल्या आहेत. म्हणून हे लिहिण्याचा मला थोडाफार अधिकार आहे आणि थोडीफार लाजही वाटते.

१९८४ साली मी तेव्हाच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका दुष्काळी तालुक्यात बँकेचा फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. १९८० सालापासून तो देशातल्या सर्व विकास गटांत लागू झाला होता. दर गटातून वर्षाला ६०० कुटुंबे दारिद्र्यरेषेवर आणायची, असे उद्दिष्ट होते. गाय, म्हैस, शेळ्या यांसाठी कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान. वरून छापील तक्ते येत. लाभार्थीचे नाव, जनावराची जात, किंमत, अनुदान, कर्ज, हप्ता. 'लाभार्थींना योजनेची माहिती दिली' याच्यासमोर 'होय' असे लिहायचे.

एका वस्तीवर एका भूमिहीन बाईच्या नावावर संकरित गाय मंजूर झाली. चावडीसमोर मी माझे ठरलेले भाषण केले. गाय इतके लिटर दूध देईल, दूध डेअरीला जाईल, हप्ता त्यातून फिटेल. बाई सगळे ऐकून म्हणाली, "सायेब, गाय चांगली हाय. पर हिला पाणी कुठून पाजू?"

वस्तीवरच्या बायका तेव्हा दोन कोसांवरून हंडे आणत होत्या. मी तक्ता पुन्हा पाहिला. पाण्याचा रकानाच नव्हता. मार्चअखेर जवळ आली होती, उद्दिष्टात काही कुटुंबे कमी पडत होती. मी 'होय' लिहिले आणि तिचा अंगठा घेतला.

पुढच्या मे महिन्यात गाय मेली. विमा होता, त्यामुळे कानातला बिल्ला कार्यालयात आला, पंचनामा झाला, दाव्याची रक्कम आली आणि तिचे कर्ज फिटले. त्या वर्षीच्या अहवालात ते खाते 'पूर्ण वसूल' या सदरात मोजले गेले. बाईच्या हाती काही राहिले नाही. उलट वर्षभर तिने गायीसाठी जे हंडे वाहिले, त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता. तिने एका वाक्यात सांगितलेली गोष्ट माझ्या तक्त्यातून वर गेली असती, तर त्या तालुक्यात गायीऐवजी आधी बांधबंदिस्तीचा विचार झाला असता की नाही, मला सांगता येणार नाही. पण ती वर गेलीच नाही, कारण ती मी पाठवली नाही. पत्रके सगळी खाली पोचली होती. वर जायची वाट तेवढी बंद होती.

वीस वर्षांनी तोच प्रकार घरात पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण शाळाशाळांत द्यावे असे म्हटले होते आणि डिसेंबर २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना बजावले. त्यानंतर शाळांत पर्यावरणाच्या प्रकल्पांना ऊत आला. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. विषय 'प्रदूषण आणि आपण'. रात्री नऊ वाजता आम्ही बापलेक थर्माकोलच्या तीन पाट्या, फेव्हिकॉल आणि चमकीची पाकिटे घेऊन आलो. पृथ्वीचा गोल थर्माकोलचा, झाडे थर्माकोलची, कारखानाही थर्माकोलचाच. तिला दहापैकी नऊ गुण मिळाले. दहावा गुण का गेला, तर 'सजावट कमी'. आठवड्याने ती पृथ्वी कचऱ्याच्या डब्यात न मावल्यामुळे डब्याशेजारी उभी होती. आता २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. बंदी आली हे चांगले झाले. पण त्या नऊ गुणांतून मुलगी काय शिकली? पर्यावरण ही वहीत चिकटवण्याची गोष्ट आहे, एवढेच. आमच्या घरचे सांडपाणी कुठे जाते, हे तिला कोणी विचारले नाही आणि मलाही तेव्हा माहीत नव्हते.

मग सगळीच जाळी अशी असतात का? नाही. काहींनी आवक वही उघडी ठेवली आहे आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

'इको-स्कूल्स' नावाचे एक जाळे १९९४ साली डेन्मार्क, जर्मनी, ग्रीस आणि ब्रिटन या चार देशांत सुरू झाले. आज ते जगाच्या सर्व खंडांतल्या हजारो शाळांत आहे. आपल्याकडे ते काम अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राने हाती घेतले. १९८४ साली कार्तिकेय साराभाई यांनी उभी केलेली ही संस्था. या जाळ्याची पद्धत सात पायऱ्यांची आहे. आधी शाळेत मुलांची समिती नेमायची. मग शाळेची पाहणी: नळ किती गळतात, दिवे किती वेळ जळतात, कचरा किती निघतो. त्यावरून कामाची आखणी, मग वेळोवेळी मोजणी, मग अभ्यासक्रमाशी सांधा. सहावी पायरी गावाला आणि पालकांना माहिती देऊन सामील करून घेण्याची, आणि सातवी शाळेने आपली संहिता स्वतः लिहिण्याची. मला यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या महत्त्वाच्या वाटतात. गावाशी बोलण्याचे काम इथे मुख्यालयाने स्वतःकडे ठेवलेले नाही, ते मुलांच्या हाती दिले आहे. संहितेचे शब्दही मुख्यालय पाठवत नाही. नळाखाली बादली ठेवून ज्या मुलाने गळके पाणी मोजले, तो जे वाक्य लिहील ते त्याच्या आईला पटेल. चांगले काम केलेल्या शाळेला हिरवा झेंडा मिळतो. झेंड्याचाही एक धोका आहे, झेंडा मिळाला की नळ पुन्हा गळू लागतात. पण निदान मोजणी आधी आणि झेंडा नंतर, एवढा क्रम तरी बरोबर आहे.

दुसरे उदाहरण 'ग्लोब' कार्यक्रमाचे. अमेरिकेच्या पुढाकाराने १९९५ च्या वसुंधरा दिनी तो सुरू झाला. भारत त्यात २००० साली आला. इथे शाळकरी मुले आपल्या अंगणातले तापमान, पाऊस, माती, पाणी ठरलेल्या पद्धतीने मोजतात आणि ते आकडे एका सामायिक साठ्यात जमा होतात. शास्त्रज्ञ ते पाहू शकतात, दुसऱ्या देशातली मुलेही पाहू शकतात. मुलाचा आकडा वर जातो आणि वर गेल्यावर तो कुणाच्या तरी कामाचा असतो. आपला आकडा कोणी वाचणार आहे हे कळल्यावर मूल पर्जन्यमापक सरळ उभा आहे ना, हे दोनदा पाहते. ही शिस्त कुठल्याही घोषणेने येत नाही.

तिसरे उदाहरण एका वर्तमानपत्राचे आहे, म्हणून या पानावर ते सांगितलेच पाहिजे. केरळातल्या 'मातृभूमी' या दैनिकाने २००९ साली शाळांसाठी 'सीड' हा उपक्रम सुरू केला. त्यातल्या पुष्कळ शाळांतली मुले 'सीझनवॉच' या प्रकल्पासाठी एकेक झाड निवडून त्याला पालवी कधी फुटली, फुले कधी आली, फळे कधी धरली, याच्या नोंदी आठवड्याला करतात. पाठीशी दैनिक असल्यामुळे मुलांच्या भाषेतली गोष्ट मुलांच्या भाषेतच छापली जाऊ शकते. केरळात याची मशागत जुनी आहे. तिथल्या शास्त्र साहित्य परिषदेने १९६२ पासून विज्ञान मल्याळमात आणले आणि पुढे पथनाट्यांतून, गाण्यांतून ते गावोगाव नेले.

चौथे उदाहरण कुठल्याच जाळ्याच्या धोरणात सापडणार नाही. ते माझ्या जुन्या जिल्ह्यातले आहे. हिवरे बाजार. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार तिथे सरपंच झाले, त्यानंतरची कथा वाचकांना ठाऊक आहे. मी फक्त एका शब्दाकडे लक्ष वेधतो. हे गाव दरवर्षी पडलेला पाऊस मोजते, जमिनीत मुरलेले पाणी अजमावते आणि पिण्याला किती, जनावरांना किती, शेतीला किती, हे ग्रामसभेत मांडते. पाणी कमी असेल तर रब्बीत कोणते पीक घ्यायचे नाही, तेही तिथेच ठरते. शेतीसाठी विंधनविहिरी नाहीत, ऊस नाही, केळी नाही. या सगळ्याला आपल्याकडे नाव आहे 'पाण्याचा ताळेबंद'. ताळेबंद हा वाणी, सावकार, सोसायटीचा सचिव आणि माझ्यासारखा बँकवाला यांचा शब्द. तो कुठल्याही परिषदेत ठरला नाही. पण ज्याने कधी सोसायटीचे कर्ज घेतले आहे त्याला तो लगेच कळतो: जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. 'शाश्वत जलव्यवस्थापन' म्हणून जे साधले नसते, ते त्या एका शब्दाने साधले. माझ्या तक्त्यात ज्या रकान्याची जागाच नव्हती, तो रकाना त्याच जिल्ह्यातल्या एका गावाने भिंतीवर मांडला.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. मुख्यालये आणि जाहीरनामे निरुपयोगी आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. रिओ झाले नसते, दशक झाले नसते, तर हा विषय कित्येक देशांच्या अभ्यासक्रमात आलाच नसता. सरकारशी बोलायचे तर सरकारी भाषा लागतेच. शिवाय आडगावातल्या एखाद्या शिक्षिकेला, 'तुम्ही करता तेच केनियात आणि फिनलंडमध्येही चालले आहे,' हे कळले की तिच्या पाठीला कणा येतो. मुख्याध्यापकांना दाखवायला तिच्या हाती एक कागद येतो. जाळ्याचा हा उपयोग लहान नाही. तक्रार फक्त प्रमाणाची आहे. सरकारशी बोलण्याची भाषा तीच शिक्षिकेशी आणि तीच आईबापांशी वापरली, आणि त्यांच्याकडून काहीच मागवले नाही, तर जाळे एका दिशेने वाहणारा पाट होऊन बसते.

म्हणून गोषवारा करताना मी शेवटी एक जास्तीचे पान जोडले. कोणी मागितले नव्हते, पण सवय जात नाही. त्यात चार गोष्टी लिहिल्या.

पहिली, शब्दांची. प्रत्येक भाषेतल्या दहा-वीस शिक्षकांना एकत्र बसवावे आणि ही कल्पना ते वर्गात कोणत्या शब्दांत सांगतात ते विचारावे. मुद्दल, बियाणे, ताळेबंद, जे निघेल ते. मग पत्रक लिहावे. भाषांतरकाराला सर्वांत शेवटी बोलावले तर तो फक्त विभक्तिप्रत्यय लावून देऊ शकतो.

दुसरी, आवक वहीची. प्रत्येक शाळेने दर सत्राला एक मोजणी आणि एक प्रश्न पाठवावा, आणि जाळ्याने त्या प्रश्नाला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. उत्तर माहीत नसेल तर तसे कळवावे. वार्षिक अहवालात किती पत्रके काढली याच्या शेजारी किती प्रश्न आले, कितींना उत्तरे गेली आणि त्यामुळे जाळ्याने स्वतःत काय बदलले, हेही छापावे.

तिसरी, अपयशाची. १९९२ पूर्वी आमच्या धंद्यात एक वाईट चाल होती. कर्ज बुडीत असले तरी त्यावरचे न आलेले व्याज उत्पन्न म्हणून दाखवले जाई आणि ताळेबंद गुटगुटीत दिसे. नरसिंहम समितीने १९९१ साली त्यावर बोट ठेवले आणि पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नियम घातले. आकडे खाली आले, लाज वाटली, पण बँका खऱ्या बोलू लागल्या. शिक्षणाच्या जाळ्यांच्या पत्रकांत अजून सगळ्या यशोगाथाच असतात. लावलेल्या शंभर झाडांचा फोटो असतो. उन्हाळ्यानंतर त्यातली किती जगली, ते नसते. न जगलेल्या झाडांची गोष्ट ज्या दिवशी पहिल्या पानावर येईल, त्या दिवशी दुसऱ्या शाळा ती खरोखर वाचतील, कारण त्यांचीही झाडे मेलेली असतात.

चौथी, पैशांची. गुळगुळीत कागदाचा खर्च कमी करून तो शिक्षकांच्या एसटीच्या तिकिटावर आणि जेवणावर करावा. दोन शाळांतले शिक्षक एकमेकांच्या शाळेत दिवसभर बसले, तर जो संवाद होतो, त्याला बोधचिन्हाभोवतीची मोकळी जागा लागत नाही.

वाचकांनी यात काय करायचे? आपल्यापैकी बहुतेकांना आंतरराष्ट्रीय जाळ्यांशी देणेघेणे नसते. पण त्या जाळ्याचे शेवटचे टोक आपल्या जेवणाच्या टेबलापाशीच येते. मूल शाळेतून पर्यावरणाचा प्रकल्प घेऊन आले, तर लगेच दुकानात धावू नका. आधी त्याला विचारा, 'तू काय मोजलंस?' काहीच मोजले नसेल, तर घरातली एखादी गोष्ट त्याच्याबरोबर आठवडाभर मोजा. पाण्याच्या बादल्या, फेकलेले अन्न, विजेचे युनिट, काहीही. आणि मग तो कागद शाळेत पाठवा. बाईंना तो नको असेल तर का नको, ते नम्रपणे विचारा. शाळेची आवक वही पालकांनीच उघडली पाहिजे. माझ्या नातीने गेल्या महिन्यात पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी मोजले. रोज किती बादल्या जातात हे पाहून तिची आई, म्हणजे ती थर्माकोलच्या पृथ्वीवाली आमची मुलगी, गप्पच झाली. आता ते पाणी फरशी पुसायला जाते. नातीला 'शाश्वत' या शब्दाचा अर्थ अजून नीट सांगता येत नाही. त्याची मला फारशी काळजी वाटत नाही.

ते पाकीट मी परत पाठवले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: 'आपला मजकूर मिळाला. आभारी आहोत.' याला आम्ही बँकेत पोच म्हणत असू. जोडलेल्या चार सूचनांबद्दल त्यात काही नव्हते. कदाचित पुढे येईल. त्या बाईला मी १९८४ साली पोचसुद्धा दिली नव्हती, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण त्या धोरणाच्या शेवटच्या पानावरच्या दोन ओळी वाढून एक पान झाले, तर ती चाळीस पाने लिहिल्याचे सार्थक होईल. पुढच्या वेळी कोणी 'पाणी कुठून पाजू?' असे विचारले, तर ते लिहून घ्यायला एक रकाना तरी असेल.